गौताळा ते किनवट : वणव्याच्या एसएमएसमागे पाच दिवस

मागच्या वर्षीपासून माझ्या मोबाईलवर वणवे येतात. म्हणजे लोकांना गुड मॉर्निंगचे मेसेज येतात तसे. डेहराडूनला भारतीय वन सर्वेक्षण नावाची सरकारी संस्था आहे, त्यांच्या वेबसाईटवर नाव, नंबर टाकून आपला जिल्हा निवडला की तिथल्या जंगलात उपग्रहाला कुठं आग दिसली तर एसएमएस येतो, वनखात्यात नोकरीला असायची गरज नाही, कुणीही नोंदवू शकतं. मी मूळ परभणीचा, नोकरी संभाजीनगरला, काम सॉफ्टवेअरचं. मी आणि माझा एक मित्र, आम्ही दोघांनी मिळून सुट्टीच्या दिवशी बसून एक छोटं ॲप बनवलं, त्यात हे सगळे मेसेज आणि नासाच्या फर्म्स साईटवरचे (तिथं जगभरातल्या आगी दिसतात) ठिपके एका नकाशावर दिसतात, ठिपक्यावर बोट ठेवलं की खाली बटण येतं, "खरी आग" नाहीतर "आग नाही". वर्षभरात ते बटण आम्ही दोघं सोडून कुणीही दाबलं नाही, आणि आम्ही पण घरी बसून अंदाजानंच दाबलं.

एक दिवस जेवताना मी बायकोला कौतुकानं नकाशा दाखवला, तर ती म्हणली, "तिकडं जंगल जळायलंय अन् तू हितं पोळी खात ठिपके मोजायलास." झालं. मार्चमध्ये पाच दिवसांची रजा टाकली.

ऑफिसात सांगितलं तर सगळ्यांचा एकच प्रश्न, मराठवाड्यात जंगल कुठंय? बरोबर आहे त्यांचं, लातूरकडच्या माणसाला जंगल बघायचं म्हणलं तर दुसऱ्या जिल्ह्यात जावं लागतं. पण कन्नडला गौताळा आहे आणि नांदेडला किनवट-माहूर आहे. दोन्हीकडं ओळख काढून, रीतसर विचारून, "आम्ही फक्त मागं मागं फिरू, मधे मधे करणार नाही" असं कबूल करून निघालो.

दिवस पहिला

सकाळी सहाला मित्राची गाडी. दौलताबाद, खुलताबाद, वेरूळ करत कन्नड, साठ-पासष्ट किलोमीटर. वेरूळच्या पुढं डोंगर लागले की दोन्ही बाजूला सगळं पिवळं पडलेलं, पानगळ झालेली, मधेच एखादा पळस पेटल्यासारखा लालभडक (मित्र दोनदा फसला, "अरे आग!" म्हणून). कन्नडला भजी अन् चहा.

गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ सालचं, साधारण २६० चौरस किलोमीटर, बरंचसं इकडं कन्नडच्या बाजूला आणि उरलेलं घाटाखाली चाळीसगावच्या बाजूला. नावातला औट्रम म्हणजे जेम्स औट्रम, खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा इंग्रज अधिकारी. २०२१ मध्ये इथं यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत आला होता, तेव्हा पेपरात लई गाजलं होतं.

आमच्यासोबत एक वनरक्षक आणि एक वनमजूर. वनरक्षक पोरगं तिशीच्या आतलं, आम्ही साहेब म्हणलं की लाजायचं. वनमजूर साठीला आलेले, त्यांना सगळेच मामा म्हणतात, आम्ही पण मामाच म्हणलं. पहिल्यांदा चौकीवर बसून मी माझं ॲप दाखवलं. साहेबांनी शांतपणे बघितलं आणि स्वतःच्या मोबाईलचा इनबॉक्स उघडून माझ्यापुढं धरला. तेच मेसेज. इंग्रजीत, जिल्हा, मग वनखात्याचे भाग म्हणजे डिव्हिजन, रेंज, बीट (बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या ताब्यातलं जंगल) आणि शेवटी अक्षांश रेखांश. मी म्हणलं हे नकाशात टाकून बघता का? तर म्हणे कशाला, वीस पॉइंट तीन आणि पंच्याहत्तर पॉइंट एक हे सगळ्यांचं सारखंच असतंय, पुढचे दोन आकडे बघायचे, त्यावरनं कळतंय कुठल्या नाल्याच्या अंगाला आहे ते. आम्ही ज्यासाठी तीन शनिवार-रविवार घातले ते ह्या माणसाला तोंडपाठ होतं.

आता हे मेसेज येतात कसे ते थोडक्यात सांगतो, कारण पुढं त्यावरच सगळं अडलं. टेरा आणि ॲक्वा हे नासाचे जुने उपग्रह, त्यांच्यावरचा मोडिस कॅमेरा जमीन एक-एक किलोमीटरच्या चौकोनात बघतो, म्हणजे एक चौकोन जवळजवळ अडीचशे एकरांचा. नंतर व्हीआयआयआरएस नावाचा आला, त्याचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे ३५ एकर. चौकोनात कुठंही पुरेशी धग असली तरी ठिपका पडतो चौकोनाच्या मधोमध. त्यामुळं ठिपक्यावर जाऊन उभं राहिलं की तिथं काहीच नसतं, आग असते डावीकडं दीडशे मीटरवर, किंवा मधे दरी असते. हा व्हीआयआयआरएस आपल्यावरून जातो ढोबळमानानं दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या आसपास. त्याचं चित्र जमिनीवर उतरवून घ्यायचं, आग कुठं ते काढायचं, मग डेहराडूनहून बीटच्या हद्दी लावून एसएमएस. साहेब म्हणाले कधी दोन तासात येतो, कधी चार.

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत मामा हायेत ना."

मामा हसले नाहीत, ते तंबाखू मळत होते.

संध्याकाळपर्यंत जाळरेषा बघत फिरलो. जाळरेषा म्हणजे थंडी संपता संपता जंगलात पट्टा साफ करून तिथलं गवत आपणच सावधपणे जाळून ठेवायचं, म्हणजे उद्या आग आली तर तिथं तिला खायला काही उरत नाही. ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद. एका ठिकाणी जाळरेषेवर सागाची पानं वाऱ्यानं परत येऊन पडली होती, चांगली घोट्याएवढी. मामा म्हणाले ही साफ करून पंधरा दिवस झाले. साग पानं टाकायचा थांबत नाही आणि जाळरेषेचं बजेट एकदाच येतं.

दिवस दुसरा

सकाळी पितळखोरा. लेणी इसवी सनाच्या आधीची, पायऱ्या उतरताना गुडघे बोलतात, पण त्यावर लिहिणारे खूप आहेत म्हणून सोडतो. वर येऊन मनोऱ्यावर बसलो. वनखात्याचा पाहणी मनोरा, लोखंडी, वर गेलं की सगळी दरी दिसते.

तिथं बसून मित्रानं कॅमेऱ्यांचा विषय काढला. कॅलिफोर्नियात हजाराच्या वर कॅमेरे डोंगरांवर लावलेत, विद्यापीठ आणि तिथलं अग्निशमन खातं मिळून चालवतं, २०२३ पासून एआय धूर ओळखून कंट्रोल रूमला सांगतं. आपल्याकडं पेंचला २०२४ मध्ये असाच एआयचा कॅमेरा बसवलाय. जर्मनीत तर झाडाला लटकवायचे सेन्सर काढलेत, सोलरवर चालणारे, ते नुसता वास घेतात, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साईडचा, म्हणजे ज्वाळा निघायच्या आत पाला धुमसतानाच कळतं. साहेबांनी सगळं ऐकलं, मग विचारलं, "झाडाला लटकवलेलं राहतंय का तिथं?" आम्ही म्हणलं म्हणजे? "म्हणजे आमच्या ट्रॅप कॅमेऱ्याला साखळी कुलूप लावून ठेवतो, तरी जातंय."

दुपारी साडेतीनला माझ्या आणि साहेबांच्या मोबाईलवर एकदमच मेसेज. खरं सांगतो, अंगावर काटा आला. ॲपमध्ये ठिपका अभयारण्याच्या हद्दीच्या आत, आम्ही होतो तिथून सरळ रेषेत चार किलोमीटर. साहेबांनी आकडे बघितले आणि म्हणाले, "ही आग नसावी, पण जावं लागतंय, न जाता बंद करता येत नाही." गाडीनं अर्धा तास, मग पायी. ऊन असं की दगडावर हात ठेववत नव्हता. हा पण एक घोळच आहे, उपग्रह आजूबाजूच्या चौकोनांपेक्षा हा चौकोन किती जास्त तापलाय त्यावरून आग ठरवतो, आणि मार्चच्या दुपारी आपला काळा कातळ स्वतःच तव्यासारखा तापलेला असतो, त्यात बारकी आग उठून दिसत नाही. रात्री जमीन निवली की बारीक आग पण ठळक दिसते.

ठिपक्यावर पोचलो. काही नाही. बोराटीची झुडपं. वास मात्र येत होता. दोनशे-सव्वादोनशे पावलं खाली हद्दीचा दगड, दगडाच्या पलीकडं शेत, शेतात एक काका पऱ्हाट्यांचा ढीग पेटवून, बांध जाळून, आता निवांत लिंबाखाली बसलेले. बाजूला पाण्याचा हंडा भरून ठेवलेला, म्हणजे माणूस सावध होता.

साहेबांनी समजावलं, काका हद्दीला लागून आहे, वारं फिरलं तर वर जाईल, आधी एक फोन करत जा. काका म्हणाले बरं. मग आम्हाला बघून विचारलं हे कोण, तर साहेब म्हणाले तुमची आग उपग्रहातून दिसली, म्हणून बघायला आलेत.

काका जरा वेळ आमच्याकडं बघत राहिले. म्हणाले, "वरून दिसलं म्हणता? माझा बांध?"

"हो."

"मग गारपिटीत गहू झोपला तवा कुठं गेलता तुमचा उपग्रह? इम्यावाल्यानं सांगितलं नुकसान दिसत न्हाई म्हणून."

ह्याला उत्तर नव्हतं. मित्र काहीतरी तांत्रिक बोलायला लागला होता, मी त्याचा हात दाबला. काकांनी ताक दिलं, मिठाचं, वर कोथिंबीर. परत येताना साहेबांनी फोटो काढला, अहवाल पाठवला, "हद्दीबाहेर, शेतातील काडीकचरा". आम्ही आमच्या ॲपमध्ये "आग नाही" दाबलं आणि लगेच भांडण, मित्र म्हणे आग तर होतीच, मी म्हणे वणवा नव्हता. दोनच बटणं ठेवायची अक्कल आमचीच.

दिवस तिसरा

दिवसभर संभाजीनगरात कपडे धुतले. रात्री नंदीग्राम एक्स्प्रेस. वाघ टिपेश्वरहून इकडं आला, आम्ही टिपेश्वरच्या अंगाला चाललो, तो डोंगर-नाले धरून, आम्ही स्लीपर क्लास. मुदखेडनंतर जाग आली तेव्हा उजाडायला लागलं होतं. सहस्त्रकुंड नावाचं स्टेशन गेलं, धबधबा इथून जवळ, पण मार्चमध्ये तिथं दगडच बघायचे.

दिवस चौथा

किनवटचं जंगल गौताळ्यासारखं नाही. इथं साग दाट, एका बाजूनं पैनगंगा, दुसऱ्या बाजूला तेलंगणा. बोली पण बदलते, "हाव", "काहून", "जी" ऐकू यायला लागतं. गोंड, कोलाम, आंध, बंजारा वस्ती. मार्चमध्ये इथं सगळ्यात महत्त्वाचं पीक म्हणजे मोह. पहाटे फुलं गळतात, ऊन चढायच्या आत वेचायची. आणि वणव्याचं एक मोठं कारण पण तेच, झाडाखालचा पाला जाळला की काळ्या जमिनीवर पिवळी फुलं स्वच्छ दिसतात, वेचायला सोपं. तेंदूपत्त्याचं पण तसंच, आग गेली की टेंभुर्णीला कोवळी पानं चांगली फुटतात असं सगळेच धरून चालतात. कुणी जंगलावर राग म्हणून पेटवत नाही. विझवायचं मात्र राहून जातं.

सकाळी एका मोहाखाली एक आजी भेटल्या. त्यांनी पाला जाळला नव्हता, झाडून एका कडेला केला होता आणि खाली दोन जुनी लुगडी आणि एक हिरवी शेडनेट अंथरली होती. मी विचारलं हे कुणी शिकवलं, वनखात्यानं का? "नाय बाप्पा, मागल्या साली माही चवळी जळाली, माचीवर वाळू घातलेली. पेटवलं कोणं, जळालं कोनाचं." मग मला ओंजळभर फुलं दिली. गोड, पण वास असा की नाकात दिवसभर राहिला.

इथले वनरक्षक चाळिशीचे, बोलायला कमी. त्यांच्या बीटमध्ये एकच जागा आहे जिथं फोनला हमखास रेंज येते, तिला सगळे रेंजची टेकडीच म्हणतात. चौकीवर रेंज नाही, वस्तीवर नाही. डेहराडूनचा मेसेज आला तरी तो टेकडीवर गेल्यावरच कळणार. सकाळ-संध्याकाळ दोनदा जातात. माझं ॲप इथं अर्थातच पांढरं फटक, मधे गोल फिरणारं चक्र. आम्ही ऑफलाईन नकाशाचा विचारच केला नव्हता, संभाजीनगरात बसून कशाला सुचेल.

दुपारी चार-सव्वाचारला चौकीवर बसलो होतो तर एक पोरगं सायकलवर, दम लागलेला. गुराख्यानं टेकडीवरून वस्तीतल्या एकाला फोन लावला होता, त्याच्या घराच्या गच्चीवर एका कोपऱ्यात कधी कधी रेंज लागते, त्यानं ह्याला पिटाळलं. सागाच्या उतारावर धूर.

आता नंबर बघा किती आहेत. वनखात्याचा १९२६, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७, अग्निशमन १०१, आणि सगळ्यांचा मिळून ११२. चारही नंबर चौकीच्या भिंतीवर लिहिलेत. पण गुराख्यानं ज्याला फोन केला तो त्याचा साडू. साडू उचलतो.

वनरक्षकांनी पोराला परत पाठवलं, "देवळावर सांग." पाच मिनिटांत लांबून भोंग्याचा आवाज, अमुक नाल्याच्या वर आग लागली आहे, ज्याच्याकडं वेळ असेल त्यांनी यावं, पाणी घेऊन यावं. आम्ही चौकीतलं ब्लोअर, दोन दाताळी, पाण्याचा कॅन घेऊन निघालो. मित्राच्या बॅगेत ऑफिसातून मागून आणलेला मोबाईलला जोडायचा, उष्णता दाखवणारा थर्मल कॅमेरा होता, दोन दिवस त्यानं तो फक्त चहाचे कप बघायला वापरला होता.

आधी आवाज येतो. कुणीतरी लांबवर कागद चुरगाळतंय असा. मग दिसली, गुडघ्याएवढी ज्वाळा, लांबलचक ओळ, वाकडीतिकडी, चढाच्या दिशेनं. सिनेमात असतं तसं झाडं पेटलेली वगैरे काही नाही, आपल्याकडच्या जंगलात आग पाल्यातून सरपटते, मोठी झाडं बुंध्याला काळी होऊन वाचतात, मरतात ती हातभर वाढलेली रोपं आणि जमिनीवर अंडी घातलेले तित्तर-लावे. मी पुढून जायला लागलो तर वनरक्षकांनी कॉलरला धरून मागं ओढलं. "चढाच्या बाजूनं कधी जायचं नाही. आग चढावर पळती, उतारावर चालती. बाजूनं घ्या, जळालेल्या अंगानं."

वस्तीवरून आठ जण आले, आम्ही तिघं धरून अकरा. ब्लोअर पाठीला अडकवायचं, पेट्रोलवर चालतं, कानठळ्या. मला वाटायचं हवेनं आग विझवतात, पण हवेनं आग वाढणार नाही का? तसं नाही, आगीच्या पुढचा पाला उडवून जमीन उघडी करायची आणि नळीचं तोंड कायम जळालेल्या बाजूला, म्हणजे ज्वाळा आणि पाला दोन्ही जिथं आधीच राख झालीय तिथं ढकलले जातात. ब्लोअरवाला पुढं, मागं दाताळंवाला उरलेलं ओढत, त्याच्या मागं डहाळीवाले. मला पळसाची डहाळी मिळाली. मी क्रिकेटच्या बॅटसारखी वर उचलून हाणली, ठिणग्या मागं गवतात. एक म्हातारे अण्णा होते, जुने वनमजूर, अंगात बनियन, पायात साधी चप्पल, ते ओरडले, "मारायचं नाय रे, दाबायचं! दाब अन् आत ओढ!" डहाळी ज्वाळेवर ठेवायची, दाबायची, आणि राखेकडं फरपटवायची. दहा मिनिटांत दंडाला गोळे आले. धुरानं डोळे, नाक, सगळं वाहत होतं. बायकोचं वाक्य आठवायची पण ताकद नव्हती.

मधे ब्लोअरची टाकी संपली. पेट्रोल आणायला एक जण मोटारसायकलवर वस्तीत, तोवर आग एका घळीत शिरली आणि पलीकडून निघाली. ती पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात वाईट. दुसरी तुकडी असती, कुणाच्या हातात वॉकीटॉकी असता, तर घळीच्या पलीकडं आधीच दोन माणसं उभी करता आली असती, पण आमच्याकडं होती शिट्टी आणि हाका, त्या पण ब्लोअरच्या आवाजात कुणाला कळत नव्हत्या. शेवटी वनरक्षकांनी वरच्या पायवाटेवर तीन जणांना पाठवून तिथूनच उलट आग लावली, ती खाली येऊन ह्या आगीला भेटली आणि दोघी जागीच बसल्या. हे बघायला फार विचित्र वाटतं, आग लावून आग विझवणं, आणि ते नवख्यानं करायचं काम नाही हे तिथल्या तिथं कळतं. तोवर दिवस मावळला, वारं पण पडलं.

साडेसातला ज्वाळा संपल्या. मला वाटलं झालं, घरी. अण्णा म्हणाले आता खरं काम. खोडं आतून धुमसत राहतात, सकाळी वारं सुटलं की पुन्हा पेट. अंधारात राखेतून चालायचं, प्रत्येक खोडाजवळ हाताची मागची बाजू न्यायची, ऊब लागली की पाणी नाहीतर माती. इथं मित्राचा चहावाला कॅमेरा कामाला आला. स्क्रीनवर सगळं जांभळं आणि धुमसणारं खोड पिवळंधमक. पोरं मागं मागं, "तिकडं दाखवा सर, तिकडं दाखवा." अण्णांनी गार म्हणून सोडलेली दोन खोडं कॅमेऱ्यानं पकडली, अण्णांनी मान्य पण केलं. मग एका जागी कॅमेरा म्हणतो काही नाही आणि अण्णा हलेनात. "इथं मूळ जळायलंय." दाताळ्यानं माती उकरली, वीतभर खाली लाल निखारा, मुळातून मुळात चाललेला. मित्रानं कॅमेरा बंद करून खिशात ठेवला आणि अण्णांच्या शेजारी बसून हातानं उकरायला लागला.

साडेनऊला वस्तीवर. भाकरी, पिठलं, ठेचा, कुणाच्या घरी जेवलो ते पण नीट आठवत नाही. माझ्या बुटाचा सोल एका बाजूनं वितळला होता. अण्णांची चप्पल जशीच्या तशी.

दिवस पाचवा

माहूरला जाऊन रेणुकामातेचं दर्शन, पानाचा विडा प्रसाद. गडावर गर्दी नव्हती. खाली येऊन बसस्टँडवर बसलो, तिथं फोनला दणदणीत रेंज, आणि दोघांनी एकदमच ॲप उघडलं.

कन्नडजवळ काकांच्या बांधाचा ठिपका, लाल, व्यवस्थित. किनवटमध्ये आम्ही जिथं होतो तिथं काही नाही. फर्म्सवर बघितलं, नाही. वन सर्वेक्षणाचा मेसेज, नाही. म्हणजे बरोबरच आहे, दुपारचा उपग्रह दीडच्या सुमाराला गेला, आग लागली चारला, रात्रीचा आला दीडला, तोवर अण्णांनी सगळं विझवून ठेवलेलं. अकरा माणसं, पाच-साडेपाच तास, आणि वरून बघितलं तर किनवटला काल काहीच घडलं नाही. २०२५ च्या मार्चमध्ये खास वणवे शोधायच्या फायरसॅटचा पहिला उपग्रह सोडलाय, पुढं पन्नासच्या वर सोडणार आहेत, मग दर वीस मिनिटांनी पाच बाय पाच मीटरची बारकी आग पण दिसेल म्हणतात. दिसेल तेव्हा दिसेल, रेंजच्या टेकडीवर जाऊन बघावं लागेल.

वनरक्षकांचा मेसेज आला होता, सकाळी जागा परत बघितली, सगळं गार आहे. त्यांनी हातानं लिहिलेल्या रजिस्टरच्या पानाचा फोटो, कंपार्टमेंट नंबर, अंदाजे क्षेत्र, कारण अज्ञात. खाली विचारलं होतं, "तो कॅमेरा केवढ्याला येतो?" मित्रानं किंमत सांगितली. बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं, मग नुसता अंगठा आला.

मित्रानं लॅपटॉप काढला. म्हणाला, आपल्या ॲपमध्ये ठिपका असेल तरच बटण येतं, ठिपका नसेल तर काही नोंदवताच येत नाही, आधी ते करू. ऑफलाईन पण चाललं पाहिजे, रेंजमध्ये आलं की आपोआप वर चढेल. नवीन फॉर्म बनवायला घेतला, जागा, वेळ, किती माणसं, किती तास, कशानं विझवली. एक रकाना "सर्वप्रथम कोणी कळवले". त्याखाली तो पर्याय टाकायला लागला, उपग्रह, कॅमेरा, वनरक्षक, हेल्पलाईन.

मी म्हणलं, साडू पण टाक.

तो हसला आणि खरंच टाकलं. तेवढ्यात नांदेडची गाडी लागली, बॅगा उचलून पळालो.